मुलांतील अवधानाचे दोष : शिक्षकांनी ओळखावयाच्या खुणा

पहिली-दुसरीच्या वर्गात एखादे मूल क्षणभरही एका जागी बसत नाही. आपण त्यास द्वाड म्हणतो. दुसरे शेवटच्या रांगेत शून्यात पाहत बसते. त्यास आपण मंद म्हणतो. असे नाव दिले की कारणांचा शोध थांबतो व मूल हळूहळू शाळेस मुकते. म्हणून नाव देण्यापूर्वी निरीक्षण करणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय.

खुणा. लहान मुलाचे मन स्वभावतःच चंचल असते. चंचलता म्हणजे दोष नव्हे. परंतु पुढील गोष्टी वारंवार दिसल्यास लक्ष द्यावे.

(अ) अनवधान : हाती घेतलेले काम अर्धवट सोडणे, सूचना ऐकूनही विसरणे, पाटी-पेन्सिल सतत हरवणे, येत असलेल्या उदाहरणातही निष्काळजीपणाने चुकणे.

(आ) अतिचंचलता व उतावीळपणा : सारखी चुळबूळ करणे, जागा सोडून हिंडणे, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देणे, खेळात आपल्या पाळीची वाट न पाहणे.

दुसऱ्या प्रकारचे मूल वर्गास त्रास देते, म्हणून ते नजरेस येते. केवळ पहिल्या प्रकारचे मूल कोणासही त्रास देत नाही, म्हणून ते दुर्लक्षित राहते. मुलींच्या बाबतीत असे विशेष घडते.

कसोटी. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेनुसार अशी लक्षणे किमान सहा महिने टिकलेली, वयाच्या मानाने अधिक, बाराव्या वर्षापूर्वी सुरू झालेली, घर व शाळा यांसारख्या दोन ठिकाणी दिसणारी आणि अभ्यासास अगर वागणुकीस बाधक असावी लागतात. केवळ एकाच विषयाच्या तासाला चुळबुळणारे मूल या कसोटीस उतरत नाही. तेथे पाठच तपासून पाहावा.

इतर कारणे. प्रथम पुढील गोष्टींची खात्री करावी.

१. दृष्टी : मूल पुस्तक डोळ्यांजवळ धरते काय? फळ्यावरील मजकूर शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवते काय?

२. श्रवण : पाठीमागून हलक्या आवाजात हाक मारल्यास वळते काय? कान वाहतो काय?

३. प्रकृती : मूल उपाशी येते काय? झोप पुरी होते काय? रक्तक्षयाने फिकट दिसते काय?

४. भाषा व खंड : घरी भिली, कोरकू वा गोंडी बोलणाऱ्या मुलास पाठ्यपुस्तकाची मराठी परकी असते. ऊसतोडीस गेलेल्या आईबापांबरोबर कित्येक महिने बाहेर राहिलेल्या मुलाचे धडे बुडालेले असतात. ज्यास पाठ समजत नाही, त्याचे लक्ष उडणारच.

५. अपस्मार : बोलता-बोलता मूल काही सेकंद स्तब्ध होते, हाताने हलविले तरी भानावर येत नाही व पुन्हा पूर्ववत होते, असे घडल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे पाठवावे.

वर्गातील उपाय. मुलास आपल्याजवळ, दारे-खिडक्यांपासून दूर बसवावे. एका वेळी एकच सूचना द्यावी व ती त्याच्याकडून वदवून घ्यावी. दहा उदाहरणांऐवजी तीन-तीन द्यावीत. मधून मधून खडू आणणे, पाट्या वाटणे अशी कामे सांगावीत. काम पुरे होताच शाबासकी द्यावी. मधली सुटी शिक्षा म्हणून कधीही काढून घेऊ नये. अशा मुलास हालचालीची गरज इतरांहून अधिक असते. छडीने अवधान वाढत नाही, भीती वाढते. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे.

नोंद व पुढील कार्य. दोन आठवडे एका वहीत तारीख, तास, चाललेले काम व घडलेली गोष्ट लिहावी. 'लक्ष नाही' असे मोघम न लिहिता 'पाच ओळींपैकी दोन लिहून उठला' असे लिहावे. नंतर पालकांना भेटून घरची हकीकत विचारावी. तक्रार मांडू नये आणि रोगाचे नावही घेऊ नये. निदान हे तज्ज्ञ डॉक्टरांचे काम होय. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, तेव्हा ही वही त्यांच्यापुढे ठेवावी. अवधानाचे दोष या तपासणीत समाविष्ट आहेत व गरजेप्रमाणे मुलास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते.

डॉक्टर मुलास थोडा वेळ पाहतात. शिक्षक त्यास वर्षभर पाहतो. म्हणूनच त्याने प्रामाणिकपणे लिहिलेली चार पाने मुलाच्या आयुष्यास वळण देऊ शकतात.