४.३ हवामान-न्याय आणि न्यायालयांची क्षमता

मागील उपघटकात आपण राज्यघटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचा विस्तार पाहिला. आता त्याच हक्काची एक नवी कसोटी पाहू.

२०१७ साली उत्तराखंडातील नऊ वर्षांच्या एका मुलीने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. हवामान बदल रोखण्यासाठी शासन पुरेसे प्रयत्न करीत नाही, असे तिचे म्हणणे होते. पॅरिस करारातील बांधिलकी शासकीय धोरणात उतरलेली नाही असे मानण्याचे कारण नाही, असे थोडक्यात सांगून न्यायाधिकरणाने जानेवारी २०१९ मध्ये अर्ज निकाली काढला. शासनाची आकडेवारी तपासली गेली नाही.

असे का व्हावे? पर्यावरणविषयक न्यायदानात विज्ञान जाणणारी माणसे हवीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सुचविले होते. त्यातूनच पुढे २०१० च्या कायद्याने न्यायिक सदस्यांसोबत तज्ज्ञ सदस्य असलेले हे न्यायाधिकरण आले. (त्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे.) परंतु त्याचा अधिकार परिशिष्टातील सात कायद्यांपुरता असून त्यांपैकी एकही हवामान बदलासाठी केलेला नाही. शिवाय पर्यावरणीय वादाचा अर्ज, वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. फार तर साठ दिवसांची सवलत मिळते. कारखान्याचे सांडपाणी नदीत आले तो दिवस सांगता येतो. समुद्र दरवर्षी थोडाथोडा गावात शिरत असेल, तर कोणता दिवस धरावा? प्रस्तुत लेखकाच्या मते खरी अडचण येथे आहे. केवळ तज्ज्ञ वाढवून ती सुटणार नाही.

माळढोक पक्ष्याचा खटला दुसरी बाजू दाखवितो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान व गुजरातमधील माळढोकच्या अधिवासातील वीजवाहिन्या भूमिगत करण्यासंबंधी आदेश दिले. सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर क्षेत्रात हे तांत्रिकदृष्ट्या अशक्यप्राय असून सौरऊर्जेला खीळ घालणारे आहे, असे शासनाने मांडले. २१ मार्च २०२४ रोजी न्यायालयाने आपला सरसकट आदेश बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला. त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क कलम १४ व २१ मध्ये अनुस्यूत असल्याचे मान्य झाले. हक्क मिळाला, तो बजावण्याची यंत्रणा मात्र अद्याप जुनीच आहे.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील हळूहळू होणारी एखादी पर्यावरणीय हानी निवडा. तिच्याबाबत ‘वादाचे कारण प्रथम केव्हा उद्भवले’ हे तुम्ही न्यायाधिकरणास कोणत्या पुराव्याने पटवून द्याल?