‘सगळेच ओढतात’ हे खरं का?

प्रश्न : मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. गांजाबद्दल विचारलं तर म्हणतो, “आई, हल्ली सगळेच ओढतात.” खरंच असं आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. 10 ते 75 वयोगटातल्या 2.8 टक्के, म्हणजे सुमारे 3.1 कोटी लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. त्यातही भांग घेणारेच जास्त. गांजा-चरस ओढणारे जेमतेम 1.2 टक्के. (1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरसावर बंदी घातली, भांगेची पानं मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली.)

प्रमाण वाढतंय का, हे सांगणं अवघड आहे. त्याआधीची मोठी पाहणी 2004 ची. तिच्यात फक्त 12 ते 60 वयाचे पुरुष होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘वाढलं’ किंवा ‘घटलं’ म्हणणाऱ्या बातम्यांवर माझा विश्वास नाही. शिवाय ही राष्ट्रीय सरासरी. एखाद्या होस्टेलच्या मजल्यावर चित्र पार वेगळं असू शकतं. चार मित्र ओढत असले की मुलाला ते ‘सगळे’च वाटतात.

मुलाशी वाद घालू नका, “तू घेतोस का?” एवढंच शांतपणे विचारा. झोप, हजेरी, पैशांचा हिशेब बिघडला असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. 14446 ही सरकारी नशामुक्ती हेल्पलाइन मोफत आहे.