सर्व्हरचं नाव ठेवताना



अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात पहिला विंडोज सर्व्हर बसवायचं काम तुला मिळालं, आणि डोमेनचं नाव तू 'शेवटी बघू' म्हणून बाजूला ठेवलंयस, असं ताई म्हणाली. ते आधी बघ. स्विच, प्रिंटर केव्हाही बदलता येतात. डोमेनचं नाव मात्र प्रत्येक लॉगिनला आणि प्रत्येक मशिनला चिकटतं.

बहुतेक जण कंपनीच्या नावाला 'डॉट लोकल' जोडून मोकळे होतात. मायक्रोसॉफ्टच्या स्मॉल बिझनेस सर्व्हरनंच ही सवय लावली. पुढे २०१३ च्या आरएफसी ६७६२ नं ते शेपूट मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलं. ॲपलची यंत्रं आणि नवे प्रिंटर त्याच नावानं एकमेकांना शोधतात, त्यामुळे ऑफिसात एखादा मॅक आला की गोंधळ सुरू. १ नोव्हेंबर २०१५ पासून अशा अंतर्गत नावांना एसएसएल सर्टिफिकेट देणंही बंद झालं.

मालकीचं नसलेलं नाव वापरणं त्याहून वाईट. मालावर 'मेड इन यूएसए' छापायचं आणि कुणी विचारलंच तर 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' म्हणायचं, हा विनोद बाजारात खपून गेला. डीएनएसला विनोद कळत नाही. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत उदाहरणादाखल 'कॉर्प' हे नाव असे आणि असंख्य कंपन्यांनी तेच कायम ठेवलं. त्यांचे लॅपटॉप ऑफिसबाहेर गेले की आपला सर्व्हर समजून थेट कॉर्प डॉट कॉमला विचारू लागत. ते नाव १९९४ पासून एका अमेरिकी गृहस्थाकडे होतं. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते स्वतःच विकत घेतलं!

तेव्हा कारखान्याचं 'डॉट इन' नाव आधी नोंदव, तेही मालकाच्या नावावर, वेबसाइटवाल्याच्या नव्हे. डोमेनसाठी त्याच्याआधी 'एडी' (ॲक्टिव्ह डिरेक्टरी) लावून उपडोमेन कर. वेबसाइटचंच नाव जसंच्या तसं वापरलंस, तर ऑफिसातून वेबसाइट उघडेना म्हणून रोज फोन येतील. बाहेरचं नाव नकोच असेल, तर आयकॅननं २०२४ मध्ये 'डॉट इंटर्नल' खासगी वापरासाठी राखून ठेवलं आहे. डोमेनचं छोटं, नेटबायोस नाव १५ अक्षरांत बसव.

नाव टिकाऊ हवं. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी जागची हलली नाही, पण ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडलं आणि ती यंत्र इंडिया लिमिटेडखाली गेली. कल्याण कॅम्पचं १९४९ साली उल्हासनगर झालं, तरी लोक पत्ता अजून कॅम्प नंबरनंच सांगतात. खुद्द अंबरनाथचं इंग्रजी स्पेलिंगही दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. गावाचं किंवा ग्रुप कंपनीचं नाव डोमेनमध्ये घालू नये ते यासाठी. छोटं आणि मालकाच्या ब्रँडचं नाव बरं.

चुकीचं नाव पडलंच तर? 'रेन्डॉम' नावाचं टूल आहे, पण डोमेनमध्ये एक्स्चेंज मेल सर्व्हर असेल तर त्या वाटेला जाऊच नये. दहा-पंधरा मशिन असतील तर नवं डोमेन उभारून एकेक मशिन हलवणं सोपं. त्याआधी सिस्टिम स्टेटचा बॅकअप घे. 'डोमेन सापडत नाही' ही तक्रार आली की आधी त्या मशिनचा डीएनएस तपास. तिथे सर्व्हरचाच आयपी हवा, गूगलचे चार आठ (८.८.८.८) नकोत.

सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नकोस. २७ जुलै २०१९ ला जवळच, बदलापूर-वांगणीच्या मध्ये, महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, तुला आठवत असेलच. आणि नोंदणीपूर्वी नावाचं स्पेलिंग मालकाकडून कागदावर लिहून, सही करून घे.

तुझा मामा