चरकात गेलेली बोटे आणि सही घेतलेला कागद

प्रश्न : माझा भाऊ (वय 30) गुऱ्हाळावर कामाला होता. जानेवारी 2025 मध्ये चरकात उजव्या हाताची दोन बोटे गेली. मालकाने वीस हजार दिले आणि ‘आता काही मागणे नाही’ अशी सही घेतली. आणखी काही मिळेल का? – एक भगिनी, ओझर

उत्तर : ताई, त्या सहीला घाबरू नका. कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे नोंद न झालेल्या तडजोडीने हक्क बुडत नाही. दिलेली रक्कम फार तर वजा होईल. ‘त्याचाच हलगर्जीपणा’ हे उत्तरही चालत नाही. दारू पिऊन किंवा मुद्दाम नियम मोडून काम केले, असे मालकाला सिद्ध करावे लागते.

सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाली. अपघात त्याआधीचा, म्हणून 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा पाहायचा. त्यात एका हाताची दोन बोटे गेल्यास कमाईची क्षमता 20 टक्के घटली असे धरतात. पगार 15,000 असेल तर त्याचे 60 टक्के, म्हणजे 9,000. गुणिले तिसाव्या वर्षाचा गुणांक 207.98; त्याचे 20 टक्के. होतात 3,74,364 रुपये! उपचाराचा खर्च वेगळा. महिन्यात पैसे न दिल्यास 12 टक्के व्याज, शिवाय निम्म्यापर्यंत दंड.

मजुरीची नोंद नसेल तर सोबतच्या मजुरांची साक्ष चालते. दवाखान्याची कागदपत्रे मात्र आजच गोळा करा. अर्ज तुमच्या भागाच्या कामगार न्यायालयात, अपघातापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे जानेवारी 2027 पूर्वी.