बियाण्याचे मडके

सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा कमी पावसाचा प्रदेश. १९७२ साली तेथे पावसाने पाठ फिरविली, विहिरी आटल्या. मी तेव्हा तुमच्याएवढाच होतो. माझ्या आजीने साठी ओलांडली होती. तरी ती रोज दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाई.

घरात उतरंडीच्या तळाशी शाळूच्या बियाण्याचे मडके होते. एके रात्री भुकेने व्याकूळ होऊन मी म्हणालो, "आजी, ते दळ ना!"

ती म्हणाली, "लेकरा, बी खाल्लं, तर पुढच्या साली पेरायचं काय?"

रागाने मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या रात्री मला जाग आली. पाहतो, तो आजी चुलीपाशी बसून नुसते पाणी पीत होती. रोज मला मिळणारी अर्धी भाकरी तिच्या वाट्याची होती, हे मला तेव्हा उमगले.

१९७३ साली पाऊस झाला. आजीने ते मडके उतरविले आणि स्वतः चाड्यावर मूठ धरली. आमचे शेत पुन्हा हिरवे झाले.

आज आजी नाही. तिची क्षमा मागावयाची मात्र राहूनच गेली. शाळूची कणसे डोलू लागली, की तिची ती मूठ माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते.