तरुण नेमबाजाचें पहिलें काडतूस

शेतकऱ्याच्या घरीं बंदूक असणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हे. उसांत रानडुकरें शिरतात, कोठें कोठें रोह्यांचे कळप उभें पीक तुडवून जातात. त्यांच्या उपद्रवामुळें कांहीं शेतकरी पीकसंरक्षणाचा परवाना घेतात. पुढें मुलगा वयांत आला म्हणजे त्यासही बंदूक चालवितां यावी, अशी इच्छा होणें साहजिक आहे. अशा वेळीं वडील माणसें त्याच्या हातीं पहिलें काडतूस कोणतें देतात, यावर त्याचा नेम पुष्कळ अंशीं अवलंबून राहतो. जनावर मोठें म्हणून काडतूसही मोठें, असा हिशेब सामान्यतः केला जातो. परंतु तो हिशेब उलटा आहे. पहिलें काडतूस जनावराकडे पाहून निवडावयाचें नसून, तें सोडणाऱ्याच्या खांद्याकडे पाहून निवडावयाचें असतें. असें कां, व या कामीं कायद्याची मर्यादा कोठें येते, याचा विचार प्रस्तुत लेखांत करूं.

१. धक्का कसा उत्पन्न होतो

दारू पेटली म्हणजे तिच्यापासून निघणारा वायु गोळीस पुढें लोटतो, व त्याच वेळीं बंदूक मागें लोटली जाते. हा मागचा लोट म्हणजे धक्का होय. तो चार गोष्टींवर अवलंबून असतो : गोळीचें वजन, गोळीचा वेग, दारूचें वजन आणि बंदुकीचें वजन. पहिल्या तीन गोष्टी वाढल्या कीं धक्का वाढतो. चौथी वाढली कीं तो कमी होतो. काडतूस तेंच ठेवून बंदुकीचें वजन दुप्पट केलें, तर धक्क्याची शक्ति निम्मी होते. ‘पोरगें लहान म्हणून बंदूकही हलकी घ्या’ असें जें म्हणतात, तें म्हणूनच विचारपूर्वक घेतलें पाहिजे. हलक्या बंदुकींत भारी काडतूस घालणें म्हणजे मुलावर दुहेरी भार टाकणें होय.

धक्क्याची कल्पना यावी म्हणून एक सोपें माप घेऊं. एक किलोचें वजन दहा सेंटिमीटर उंचीवरून खालीं पडलें, तर त्याचा आघात सुमारें एक जूल भरतो. आतां तीन किलोंच्या आसपास वजनाच्या बंदुका धरून हिशेब केला असतां असें दिसतें :

पॉइंट बावीसच्या साध्या काडतुसांत ४० ग्रेन, म्हणजे सुमारें २.६ ग्रॅम वजनाची गोळी असते. तिचा धक्का एका जूलच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकाच येतो. म्हणजे तें किलोचें वजन अवघ्या एक-दीड सेंटिमीटरवरून पडल्यासारखें होय. बारा बोअरच्या काडतुसांत ३० ग्रॅम छर्रे असले, तर धक्का २५ जूलच्या जवळपास जातो. तेंच वजन अडीच मीटरवरून पडावें, तसा हा आघात आहे. छर्रे ३६ ग्रॅम झाले तर तो ३५ जूलच्याही पुढें जातो. पॉइंट तीनशें-पंधरा व थर्टी-नॉट-सिक्स या भारी रायफलींचा धक्काही २५ ते ३० जूलच्या घरांत असतो.

पॉइंट बावीस आणि बारा बोअर यांत हें शेंदीडशें पटींहून अधिक अंतर आहे. पहिल्याच दिवशीं मुलास बारा बोअर देणें म्हणजे ज्यानें कधीं जू पाहिलें नाहीं अशा खोंडास एकदम भरल्या गाडीस जुंपणें होय.

२. दचकण्याची खोड

खांदा दुखला तर चार दिवसांत बरा होतो. खरें नुकसान निराळेंच आहे. एकदां जोराचा धक्का व कानठळ्या बसविणारा आवाज यांचा अनुभव आला, कीं पुढच्या खेपेस चाप ओढण्यापूर्वींच डोळे मिटतात, खांदा आखडतो व हात नकळत नळी खालीं दाबतो. यास दचकणें म्हणतात. ही खोड लागण्यास पांच-सात काडतुसें पुरतात, आणि ती मोडण्यास वर्षही पुरत नाहीं.

दचकलेल्या नेमानें जनावर मरत नाहीं. तें जखमी होतें. जखमी रानडुकर उसांत शिरलें, तर दुसऱ्या दिवशीं तोडणीस येणाऱ्या बायामाणसांच्या जिवावर बेततें. म्हणून नेमाचा दोष हा केवळ नेमबाजाचा राहत नाहीं.

ही खोड लागली आहे किंवा कसें, हें ओळखण्याची एक सोपी युक्ति आहे. शिकविणाऱ्यानें मुलास न दाखवितां कधीं खरें, तर कधीं दारू नसलेलें खोटें काडतूस बंदुकींत घालून द्यावें. खोट्या काडतुसाच्या वेळीं नळीचें टोंक खालीं झुकलें, तर मुलगा दचकतो असें निश्चित समजावें. मग वरचें काडतूस बंद करून त्यास पुन्हां हलक्या काडतुसावर आणावें. याच कारणास्तव कानांत बोळे किंवा कर्णरक्षक घातल्यावांचून एकही बार काढूं देऊं नये. कारण दचकण्यास धक्क्याइतकाच आवाजही कारण होतो.

३. दस्ता व काडतुसाची लांबी

कित्येकदां दोष काडतुसाचा नसून दस्त्याचा असतो. दस्त्याचें बूड कोपराच्या वळणांत टेकविलें असतां बोटाचें टोंक चापापर्यंत सहज पोहोंचलें पाहिजे. दस्ता लांब असेल तर तो खांद्याच्या खळग्यांत न बसतां दंडावर बसतो, व साधा धक्काही तेथें झोंबतो. बुडास रबरी गादी लावल्यानें आघात थोडा पसरतो.

बारा बोअर हीच बंदूक घरीं असेल, तर तींतही हलकें काडतूस निवडतां येतें. ऑलिंपिकमधील उडत्या तबकड्यांच्या नेमबाजींत २४ ग्रॅमहून अधिक छर्रे चालत नाहींत. ३६ ग्रॅमच्या काडतुसाच्या मानानें त्याचा धक्का जवळजवळ निम्मा असतो. मात्र एक गोष्ट कधींही विसरूं नये. ज्या बंदुकीचें घर ६५ मिलिमीटर काडतुसाचें आहे, तींत ७० मिलिमीटरचें काडतूस घालूं नये. तें आंत बसलेलें दिसतें, परंतु बार होतांना त्याचें तोंड पुरतें उलगडत नाहीं व नळींतील दाब धोक्याच्या मर्यादेपलीकडे जातो. ठासणीच्या बंदुकींत बिनधुराची दारू कधींही भरूं नये, व काळी दारूही अंदाजानें न भरतां मापानेंच भरावी.

४. हरणाच्या शिकारीचा प्रश्न

अमेरिकेंत तरुण मुलें हंगामांत परवान्यानें हरणाची शिकार करतात, व त्यांच्याकरितां हलक्या धक्क्याचीं काडतुसें मुद्दाम निवडलीं जातात. १९५५ सालीं निघालेलें पॉइंट दोनशें-त्रेचाळीसचें काडतूस त्यांत प्रमुख आहे. १०० ग्रेनची गोळी असूनही त्याचा धक्का थर्टी-नॉट-सिक्सच्या निम्म्याहून कमी भरतो. मोठ्याच काडतुसांत हलकी गोळी व कमी दारू घालूनही धक्का घटविण्यांत येतो. परंतु मग वेग कमी झाल्यामुळें अंतरही कमी ठेवावें लागतें. पॉइंट बावीस मात्र हरणावर वापरणें तेथेंही अयोग्य मानतात, कारण तें मारीत नाहीं, केवळ जायबंदी करतें. हलकेपणासही अशी खालची सीमा आहे.

आपल्याकडील स्थिति मात्र अगदीं भिन्न आहे. १९५१ च्या मुंबई वन्य पशु व पक्षी संरक्षण कायद्याच्या काळांत शिकारीचे परवाने मिळत असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्यांतील पुढील दुरुस्त्यांनीं तो काळ संपविला. येवलें तालुक्यांत ममदापूरच्या माळावर जीं काळविटें दिसतात, तीं पहिल्या अनुसूचींतील आहेत. तीं पिकांत आलीं, एवढ्या कारणावरून त्यांस मारण्याची परवानगी कोणताही अधिकारी देऊं शकत नाहीं. पहिल्या अनुसूचींतील प्राणी मारल्यास तीन ते सात वर्षें कैद व किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. रानडुकर व रोही दुसऱ्या अनुसूचींत असल्यामुळें, तीं उभ्या पिकास उपद्रव देत असतील तर कलम ११ प्रमाणें लेखी परवानगी मिळूं शकते. परंतु ती आधीं घ्यावी लागते. पीकसंरक्षणाचा परवाना हा बंदुकीचा परवाना आहे, जनावर मारण्याचा नव्हे. हा भेद पुष्कळ सुशिक्षित शेतकऱ्यांच्याही ध्यानांत येत नाहीं, म्हणून येथें मुद्दाम सांगितला. पिकाचें नुकसान झालें असल्यास तीन दिवसांच्या आंत वनखात्याकडे तक्रार नोंदवून पंचनामा करवून घ्यावा व सातबाराच्या उताऱ्यासह भरपाई मागावी, हाच सरळ मार्ग होय.

वयाचाही विचार केला पाहिजे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें एकवीस वर्षें पूर्ण झाल्यावांचून बंदूक बाळगतां येत नाहीं. नियमानें ठरवून दिलेल्या प्रशिक्षणापुरती तेवढी सवलत आहे. परवाना ज्याच्या नांवाचा, त्यानेंच बंदूक वापरावी. बापाच्या परवान्यावर मुलानें रात्रीं शेतांत बंदूक घेऊन फिरणें हा दोघांचाही गुन्हा होतो, व मुलाच्या पुढील नोकरीच्या वाटेंत तो कायमचा आडवा येतो.

५. मग मुलानें शिकावें कोठें?

शिकण्याची जागा म्हणजे मान्यताप्राप्त नेमबाजी केंद्र. या बाबतींत नाशिक जिल्हा भाग्यवान आहे. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनीं १९३७ सालीं स्थापिलेली भोंसला सैनिकी शाळा नाशकांतच आहे. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनीं नेमबाजीचे धडे नाशकांतील क्रीडा प्रबोधिनींत घेतले, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. ती स्पर्धा कोणत्या काडतुसावर होते? वर सांगितलेल्या त्याच पॉइंट बावीसवर. ज्यास आपण पोरखेळाचें काडतूस समजतों, तें जगांतील उत्तमोत्तम नेमबाजांस पुरतें.

तथापि हलक्या धक्क्याचें काडतूस म्हणजे निरुपद्रवी काडतूस, असा समज करून घेऊं नये. पॉइंट बावीसची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊं शकते. गोदाकांठीं पाण्यावर किंवा खडकावर आपटून ती कोठें वळेल याचा नेम नाहीं. पाठीमागें मातीचा भरभक्कम बांध असल्यावांचून कोणतीही गोळी सोडूं नये.

सारांश, पालकांनीं पुढील क्रम ठेवावा. प्रथम केंद्रावर हवाई बंदूक. नंतर तेथेंच पॉइंट बावीस. श्वास, चाप व माशी यांवर ताबा येईपर्यंत दुसरें कांहीं नाहीं. एकवीस वर्षें पूर्ण होऊन मुलाच्या स्वतःच्या नांवें परवाना मिळाल्यावर, घरीं बारा बोअर असल्यास हलक्या छर्ऱ्यांचें काडतूस घ्यावें, व तेंही एका बैठकीस पांच-सहांहून अधिक नव्हे. भारी काडतूस सर्वांच्या शेवटीं, आणि खरी गरज असेल तरच. या क्रमानें शिकलेल्या मुलाचा हात स्थिर राहील, व बंदूक केव्हां उचलूं नये हेंही त्यास कळूं लागेल.