तिळगूळ आणि 'अँड' कंडिशन

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५



जानेवारीत ऑफिसच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. शुभेच्छा संक्रांतीचं नाव घेऊन द्यायच्या, की सगळ्यांना चालेल असं नुसतं 'हॅपी फेस्टिव्ह सीझन' लिहायचं? टीममध्ये सगळ्या धर्मांची, प्रांतांची माणसं असतात. काहींना वाटतं, नाव घेतलं तर कोणीतरी दुखावेल. काहींना उलट वाटतं, नाव ठासून घ्यायचं आणि समोरच्यानेही तसंच उत्तर द्यायचं.

आजच्या श्लोकात भगवंत वाणीचं तप सांगतात. बोलणं उद्वेग न देणारं, खरं, प्रिय आणि हिताचं असावं; जोडीला स्वाध्याय असावा. शंकराचार्य भाष्यात सांगतात की बोलण्याचे हे चारही गुण एकत्र हवेत. एक जरी नसेल तर ते वाणीचं तप होत नाही. आपल्या भाषेत सांगायचं, तर इथे 'ऑर' नाही, 'अँड' कंडिशन आहे.

आता ही अट लावून बघा. नाव गाळलेली शुभेच्छा कोणाला टोचत नाही, पण मनात संक्रांत असताना ती लपवली की 'खरं' थोडं लंगडं पडतं. आणि समोरच्याची परीक्षा घ्यायला ठासून दिलेली शुभेच्छा पहिल्याच अटीला नापास होते, मग तिच्यात देवाचं नाव का असेना.

मग मार्ग काय? ज्ञानेश्वरीत माउली इथे सुंदर दृष्टान्त देतात. पाणी झाडासाठी सोडलेलं असतं, पण वाटेतलं गवतही त्यावर जगतं. तसं एकाशी बोललेलं सगळ्यांच्या हिताचं व्हावं. म्हणजे झाड कोणतं हे लपवायची गरज नाही. पाणी गवतापर्यंत पोचतंय ना, एवढं बघायचं.

आपलं 'तिळगूळ घ्या, गोड बोला' नेमकं असंच आहे. आधी हातावर काहीतरी ठेवायचं, मग मागायचं. आणि मागायचं तेही फक्त चांगलं बोलणं. घेणाऱ्याला त्याचा धर्म कोणी विचारत नाही. कर्नाटकातही संक्रांतीला एळ्ळु-बेल्ल, म्हणजे तीळ-गूळ, देऊन चांगलं बोला असंच म्हणतात. आणि सहकाऱ्याला 'ईद मुबारक' किंवा 'मेरी ख्रिसमस' म्हणतानाही याच चार अटी लागू आहेत.

पण खरी कसोटी ऑफिसात नाही, घराजवळ आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. काका गेल्यापासून माझ्या मावशीला ते बोलावणं येत नाही. त्याच जिन्यात सगळे एकमेकांना 'गोड बोला' म्हणत असतात, तिच्या दारावरून पुढे जातात. कोणी वाईट बोलत नाही, पण ते पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही. शुभेच्छा कोणाला दिली यापेक्षा कोणाला दिलीच नाही, हेही वाणीच्या तपात मोजायला हवं, असं मला वाटतं.

आजचा अभ्यास: यंदा तिळगूळ वाटताना ज्या दारावर कोणी थांबत नाही, तिथे आधी थांबा. सणाचं नाव मोकळेपणाने घ्या. उत्तर काय येईल याची वाट बघू नका.

राम कृष्ण हरी 🙏